हटवारबाईंचं राहिलेलं विणकाम

मोज्याला टाच नसली की हटवारबाई तो मोजा खिडकीच्या उजेडात धरायच्या, दोन्ही बाजूंनी नीट बघायच्या आणि मुलीला शांतपणे विचारायच्या, "एड़ी कहाँ है, बेटा?" मुलगी सांगायची, ताप आला होता, लोकर संपली, आजी वारली. बाई सगळं ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि वहीत शून्य लिहायच्या. वाईट विणलेल्या मोज्याला दहातले चार देता येतात, अर्ध्या मोज्याला काहीच देता येत नाही, कारण तो मोजाच नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. रागावल्याचं मात्र त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. उलट, जिला शून्य मिळायचं तिच्या पाठीवरून हात फिरवून त्या तिला जागेवर बसवायच्या.

आमची मुलींची शाळा बालाघाटात, हिंदी माध्यमाची. शिकवणाऱ्यांत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्या शिवण-विणकाम शिकवायच्या, मी भूगोल. मी लागले तेव्हा नवा मध्यप्रदेश होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. माझे वडील बालाघाटच्याच कचेरीत होते, पण मला नोकरी लागायला आणि त्यांची सिवनीला बदली व्हायला एकच गाठ पडली. घरचे सिवनीला गेले आणि मी हटवारबाईंच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. कवेलूचं, म्हणजे कौलारू, छोटं घर, पुढं ओटा, आणि नॅरोगेजच्या छोट्या लाईनचं स्टेशन इतकं जवळ की गाडी आली की भिंतीवरचा आरसा थरथरायचा.

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्याशी काही बोलण्याआधी माझ्या स्वेटरचं टोक चिमटीत धरलं.

"हे कोणी विणलं?"

"आईनं."

"चौथ्या ओळीत टाका सुटला हाय. आईले सांगू नको, वाईट वाटंल." मग म्हणाल्या, "पण पूर्ण केलं तिनं. चांगली बाई असंल."

गिरजाबाई हटवार तेव्हा पस्तिशीच्या असतील. उंच, काटक, भांगाशी केस पिकलेले. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा कुठे आहे हे कुणी विचारलं तर "खाणीवर" एवढंच सांगायच्या आणि पुढचा प्रश्न येण्याआधी उठून जायच्या. माहेर मोहाडीकडचं, विणकरांचं. बापाच्या मागावर लुगडी निघायची. लहानपणी त्या मागाच्या आवाजात झोपायच्या आणि आवाज थांबला की जाग यायची, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

शून्याची एक गोष्ट शाळेत फार गाजली. एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी आठवीत होती. तिनं टोपी विणायला घेतली आणि कानापर्यंत आणून सोडून दिली. बाईंनी शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी बड़ी बहनजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेनं, बाईंना बोलावून घेतलं. मीही तिथंच हजेरीपट घेऊन उभी होते. बड़ी बहनजी म्हणाल्या, पाच तरी द्या, साहेबांचा निरोप आहे. बाईंनी ती अर्धी टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "आप पहन के दिखाइए, मैं दस दूँगी." बड़ी बहनजींना हसू आलं आणि तिथंच तो विषय संपला. मुलीनं पुढच्या आठवड्यात टोपी पुरी करून आणली आणि तिला सहा मिळाले.

असं असूनही बाई आशेवर जगणाऱ्या नव्हत्या. मी बावीस वर्षांची. माझ्या तोंडी सारखं पुढचं असायचं. पुढच्या वर्षी बी.एड. करीन, पुढं जबलपूरला जाईन, पुढं असं होईल. त्या ऐकायच्या आणि म्हणायच्या, "पुढं काही नसते वं सुधे. जे हाय थे हेच हाय." त्यांचा सूर दुःखी नसायचा. पाऊस थांबलाय असं सांगावं, तसं त्या हे सांगायच्या. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा.

पण त्या 'हेच हाय'मधलं काही त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. शाळेतून आल्यावर ओट्यावर ऊन असे तोवर त्या आत जायच्या नाहीत. चहा पेल्यात घ्यायच्या आणि बशीत ओतून प्यायच्या, डोळे मिटून. थंडी पडू लागली की तळ्यावरची शिंगाडेवाली यायची. तिच्या टोपलीतले हिरवे शिंगाडे बाई एकेक दाबून निवडायच्या, आणि गोड निघाला की तिथंच सोलून अर्धा माझ्या हातावर ठेवायच्या. नवा चिन्नोर तांदूळ आला की पहिल्या दिवशी भाजी करायच्या नाहीत, नुसता भात आणि तूप. वास मारला जातो म्हणे भाजीनं. रविवारी सकाळी मला घेऊन स्टेशनवर जायच्या. कुठं जायचं नसायचं, कुणी यायचं नसायचं. गाडी यायची, लोक उतरायचे, बाई प्रत्येकाच्या अंगावरची लोकर बघायच्या. "थो पाह्य, मफलर. दुहेरी टाका हाय. घरचा हाय, दुकानातला नाई." गाडी गेली की आम्ही परत.

त्यांच्या राहिलेल्या कामाचा पत्ता मला दुसऱ्या वर्षी लागला. दसऱ्याच्या आधी त्या पेट्या उन्हात काढत होत्या. लुगडी, गोधड्या, कडुनिंबाचा पाला. एका पेटीच्या तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी ते उलगडलं. कत्थई, म्हणजे काताच्या रंगाचा स्वेटर. पाठ पूर्ण, पुढचा भाग काखेपर्यंत, आणि टाके अजून सुईवर. सुई गंजली होती आणि गंजाची रेघ लोकरीत उतरली होती. सोबत न विणलेल्या लोकरीच्या दोन लड्या.

"हे काय, बाई?"

त्यांनी वर पाहिलं. "शून्य मार्क," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी पेट्या आवरता आवरता त्यांनी सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं, मधेच गोधडी झटकत. लग्न झालं तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या. नवरा गणपतराव, मोठा धिप्पाड माणूस, दोन माणसं उचलतील ते ओझं एकटा उचलायचा. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी गोंदियाहून लोकर आणवली आणि त्याला उभं करून माप घेतलं. छाती चाळीस इंच. "टेप पुरत नव्हता वं, असा होता." काखेपर्यंत विणून झालं तेव्हा त्याला उकव्याच्या पुढं कुठंतरी एका ठेकेदाराच्या खाणीवर काम मिळालं. आधी महिन्याला यायचा. मग दोन महिन्यांनी. मग कुणीतरी येऊन सांगितलं की त्यानं तिथं घर केलंय, मंगली नावाच्या बाईसंगं.

"तुम्ही गेला नाहीत?"

"काहून जाऊ? मले काय रस्ता माहीत नव्हता?" त्या म्हणाल्या. "एकदा थो आलता, आपली पेटी घ्याले. मी पाणी देल्लं. थो पेला, गेला."

त्यानंतर त्यांनी विणकामाची परीक्षा दिली आणि शाळेत लागल्या. अठरा वर्षं झाली होती. मी विचारलं, उसवून दुसरं काही का नाही केलं एवढ्या लोकरीचं? त्यांनी स्वेटर माझ्या हातातून घेतला, परत धोतरात गुंडाळला.

"उसवाले लागलं की पुन्हा सगळे टाके डोळ्यापुढून जातात. आणि पुरा कराचा तर कोणासाठी? म्हून राहू देल्ला."

गणपतराव परत आले ते त्याच वर्षी, दिवाळीची सुट्टी संपता संपता. सकाळची वेळ होती. बाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या, मी वेणी घालत होते. उकव्यावरून येणाऱ्या बैहरच्या बसचा कंडक्टर आणि एक हमाल, दोघांच्या मधे एक अकाली म्हातारा झालेला माणूस धरून आले. म्हातारा टाचा न टेकवता, कोंबड्यासारखा चवड्यांवर चालत होता. चेहऱ्यावर काही नाही. डोळे उघडे, पण चेहरा लाकडाचा असावा तसा. हमालाच्या डोक्यावर टिनाची पेटी होती. कंडक्टरनं म्हाताऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातली चिठ्ठी काढून दाखवली. कुणाकडून तरी लिहून घेतलेली, हिंदीत: हटवार बहनजी, लड़कियों का स्कूल, बालाघाट.

"बाई, ये आपके यहाँ के हैं क्या? एक औरत ने बस में बिठा दिया."

बाई बघत राहिल्या. तेवढ्यात कंडक्टरनं हात सोडला, म्हातारा पायरी चढायला गेला आणि तसाच्या तसा मागं पडला. हात पुढं केले नाहीत, आवाज केला नाही. डोकं पायरीवर आपटलं.

बाईंनी सूप खाली ठेवलं. "आत घ्या," त्या म्हणाल्या.

त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, डोक्याचं रक्त पुसलं, दूधभात कालवून भरवला. गणपतराव गिळायलाही वेळ घ्यायचे. सगळं झाल्यावर बाई परत ओट्यावर आल्या आणि सुपातले उरलेले तांदूळ निवडून संपवले. मी शेजारी बसून खडे काढू लागले. जरा वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. मोठं, मोकळं हसू. मी दचकले. आत जाऊन पाहिलं तर तोच लाकडी चेहरा, आणि त्यातून हसू बाहेर पडत होतं, थांबत नव्हतं. डोळ्यांत हसण्यासारखं काहीच नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की खाणीत मशीननं दगड फोडणाऱ्यांना कधीकधी असं होतं. मँगनीजची धूळ श्वासातून जाते आणि डोक्यात बसते. हात थरथरतात, चाल बिघडते, माणूस मागं पडतो, हसू आलं की आवरत नाही. औषध नाही. होतं तसं होणार नाही. आणखी बिघडेल. बाईंनी हे सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "थंडी सोसंल का यांले?"

डॉक्टर म्हणाले, थंडीला जपा.

बातमी गावभर झाली. बाजारात बायका थांबवून बाईंच्या पाया पडू लागल्या. एकीनं तर ओटीत नारळ घातला. बाईंनी तो नारळ निमूट घरी आणून चटणीला वापरला. पण सोमवारी प्रार्थनेच्या वेळी बड़ी बहनजींनी सगळ्या शाळेपुढं सुरू केलं, "हमारी हटवार बहनजी को देखो. पति ने छोड़ दिया, फिर भी सेवा कर रही हैं. ऐसी होती है भारतीय नारी." मुली टाळ्या वाजवणार एवढ्यात बाई रांगेतून एक पाऊल पुढं आल्या.

"बड़ी बहनजी, बच्चियों को ये मत सिखाइए."

बड़ी बहनजी म्हणाल्या, "क्यों?"

"कल इनमें से किसी को कोई छोड़ के जाएगा और अठारह साल बाद लौटेगा, तो ये भी दरवाज़ा खोल देगी."

त्या रांगेत परत गेल्या. प्रार्थना तशीच सुरू झाली, जरा बेसूर. घरी येताना मी धीर करून विचारलं, "मग तुम्ही का उघडलं, बाई?"

"मी कोठं उघडलं?" त्या म्हणाल्या. "दार उघडंच होतं. आन् थो दारात उभा थोडीच होता? पडला होता ना वं."

पेटीतला स्वेटर त्यांनी बाहेर काढला तो त्याच आठवड्यात. मला वाटलं, आता पुढचं अर्धं, गळा आणि बाह्या राहिल्यात, महिन्याभरात होईल. बाईंनी मला बोलावलं, "टेप धर. थो हलते, मले एकटीले जमत नाई." गणपतरावांना भिंतीशी उभं केलं, मी मागून आधार दिला, बाईंनी छातीभोवती टेप फिरवला. वाचला. पुन्हा फिरवला. तेहतीस.

त्या खाटेच्या काठावर बसल्या. बराच वेळ टेपची गुंडाळी करत राहिल्या, उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, "दंड पाह्य. हात वर जाते का?" मी गणपतरावांचा हात उचलून पाहिला. खांद्याच्या वर जात नव्हता, दगडासारखा ताठ व्हायचा. डोक्यातून घालायचा स्वेटर त्यांना घालताच आला नसता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी उसवायला घेतलं. दोन दिवस लागले. अठरा वर्षं एकाच वळणावर बसलेली लोकर सरळ व्हायला तयार नव्हती, शेवयांसारखी वळवळायची. त्यांनी ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड्या केल्या, कोमट पाण्यात धुतल्या, आणि ओट्याच्या वाशाला टांगून खाली पाण्यानं भरलेले लोटे बांधले. कसरीनं जिथं जिथं खाल्लं होतं तिथं तुकडे झाले. गाठी मारत बसलो आम्ही दोघी. ती लोकर आता कुठंच मिळत नव्हती. मी काळजीनं म्हटलं, एवढी खराब गेली, पुरेल का?

"पुरंल," बाई म्हणाल्या. "माणूस आटला ना."

आणि त्यांनी टाके घातले.

तो हिवाळा मला आठवतो तो तसा वाईट नाही, हेच विचित्र आहे. शाळेतून आल्यावर ओट्यावर ऊन असायचं. गणपतराव गोधडीवर भिंतीला टेकून बसलेले, बाई खाली पायरीवर विणत. शिंगाडेवाली यायची. बाई सोलून आधी एक त्यांच्या तोंडात घालायच्या, मग मला, मग स्वतः. शेजारच्या घरी रेडिओ लागायचा तेव्हा बाई सुई थांबवून ऐकायच्या. बरं होण्याची गोष्ट घरात कुणी काढत नसे. दर आठवड्याला काहीतरी जायचं. आधी त्यांना सदऱ्याची बटणं लावता येईनाशी झाली. मग पेला धरता येईना. मग शब्द इतके हळू आणि एका सुरात येऊ लागले की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. बाई त्याची नोंद घ्यायच्या, म्हणायच्या, "आता पेला गेला," आणि विणू लागायच्या. पण चहा बशीत ओतून प्यायचा त्यांनी एकही दिवस सोडला नाही. मी एकदा म्हटलंही, बाई, तुम्हाला चहा गोड कसा लागतो? तर म्हणाल्या, "साखर घातली हाय. गोड लागंल नाई तर काय?"

एका दुपारी गणपतरावांनी विचारलं. एकेक शब्द वेगळा करून. "कोणा... साठी... करून... राह्यली?"

"शाळेचं काम हाय," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

पुढून उघडा स्वेटर केला त्यांनी. बटणांच्या जागी लोकरीच्याच गोफाच्या नाड्या, तान्ह्या मुलाच्या झबल्याला असतात तशा. मागं पडले तर लागू नये म्हणून मानेशी दुहेरी वीण. गंज लागलेली लोकर आतल्या बाजूला दडवली. संक्रांतीच्या दोन दिवस आधी शेवटचा टाका बंद झाला. मी ओट्यावर वह्या तपासत होते. बाईंनी दातानं धागा तोडला, स्वेटर उजेडाकडं धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला. मी थट्टेनं विचारलं, "दहातले किती, बाई?"

"सहा," त्या म्हणाल्या. "गाठी दिसतात."

मग त्यांनी तो गणपतरावांना घातला. एक हात, मग दुसरा, न ओढता. नाड्या बांधल्या. खांद्यावर बरोबर बसला होता. गणपतरावांनी मान खाली घालून पाहायचा प्रयत्न केला. थरथरणारा हात छातीवरून फिरला, लोकरीत अडकला. आणि ते म्हणाले, "मंगलीनं... पाठवला... का?"

माझ्या हातातलं पेन थांबलं. बाईंचा हात त्यांच्या कॉलरवर होता. तो तसाच राहिला, थोडाच वेळ. मग त्यांनी कॉलर नीट केली.

"हौ," त्या म्हणाल्या. "तिनंच पाठवला."

गणपतराव हसू लागले. तेच मोठं, न थांबणारं हसू. ते खरं होतं की धुळीचं, ते कळायला मार्ग नव्हता.

मला इतका संताप आला की मी उठून आत गेले. बाई चुलीशी आल्या तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच, "का सांगितलंत तुम्ही असं? अठरा वर्षं! तुमची लोकर, तुमचे हात, आणि नाव तिचं?"

बाईंनी चुलीत लाकूड सारलं. "त्याचं तोंड पाह्यलं का तू?"

"काय त्यात पाहायचं? लाकूड आहे ते."

"नाई वं. इथं हललं." त्यांनी आपल्या ओठाच्या कोपऱ्याला बोट लावलं. "आला तेव्हापासून पहिल्यांदा. माझं नाव घेतलं असतं त थे बंद झालं असतं." मग म्हणाल्या, "माझं नाव त्याले आठवत नाई, सुधे. मी त्याले शाळेची बहनजी वाटते. चांगली बहनजी, जेवाले देते."

त्यांनी तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. मी पाहत होते. त्यांचे हात रोजच्यासारखेच चालत होते. फक्त पहिली भाकरी त्यांनी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरल्या, ती करपली. मी काढून बाजूला ठेवली.

गणपतराव पुढं दोन महिने जगले. स्वेटर अंगावरून काढू द्यायचे नाहीत, धुवायला घेतला तर हुं हुं करायचे. होळीच्या सुमारास गिळणं बंद झालं आणि चार दिवसांत गेले, दुपारी, बाई शाळेत असताना. मी त्या दिवशी सुट्टीवर होते, त्यांना बोलवायला मीच धावत गेले. बाई सहावीच्या वर्गात होत्या. मुलीच्या हातातली सुई धरून टाका कसा उचलायचा ते दाखवत होत्या. मला दारात पाहिलं, समजल्या. तो टाका पुरा उचलून मुलीच्या हातात दिला आणि मग निघाल्या.

तिरडी बांधताना आळीतल्या एका गृहस्थांनी स्वेटरच्या नाड्या सोडायला सुरुवात केली. "नवाच आहे बाई, कोणाच्या तरी कामी येईल."

"राहू द्या जी," बाई म्हणाल्या. "त्याच्याच मापाचा हाय. दुसऱ्या कोणाले येत नाई."

वैनगंगेच्या घाटावर तो त्यांच्याबरोबरच गेला. बाईंनी त्या दिवसापासून कुंकू लावलं नाही. बायका रडायला आल्या तेव्हा त्यांना त्या पाणी देत होत्या. रात्रंदिवस कुणी जवळ असावं असं मला वाटायचं, पण त्या म्हणाल्या, तू तुझ्या वह्या तपास, परीक्षा आली. मला वाटलं होतं, काम पुरं केल्याचं, निदान त्याचा शेवट गोड केल्याचं समाधान त्यांना असेल. एकदा तसं म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी टाच नसलेला मोजा पुढं केला होता.

"शेवट काहून गोड असंल वं? स्वेटर पुरा झाला, एवढंच झालं."

मे महिन्यात माझी बदली सिवनीला झाली. घरचे खूश होते. निघायच्या दिवशी सकाळी बाई माझ्याबरोबर बसस्टँडवर आल्या. मला वाटलं, पोचवायला. पण त्यांच्या हातात गणपतरावांची टिनाची पेटी होती, पुसून स्वच्छ केलेली.

"तुम्ही कुठं, बाई?"

"उकव्याले. तिथून पुढं पायी हाय म्हणे कोसभर."

मी पाहतच राहिले. "मंगलीकडे?"

"तिले सांगाले पायजे ना कोणी. कोणी सांगितलं नसंल."

"तिनं त्यांना बसमध्ये घालून दिलं होतं, बाई."

"हौ. पण अठरा वर्षं भात तिनंच वाढला. पेटी आता तिची हाय. आत त्याचे दोन सदरे हायेत, तिनं ठिगळं लावलेले. चांगली लावली हायेत." त्यांनी पेटीची कडी चाचपली. "थे तिथं असंल की नाई, माहीत नाई. खाणीवरचे लोक एका जागी कोठं थांबतात?"

"मग कशाला जाता एवढ्या उन्हात?"

त्यांनी पेटी दुसऱ्या हातात घेतली. बैहरची बस लागली होती. लालबर्ऱ्यावरून सिवनीला जाणारी माझी बस अजून यायची होती.

पुढं शाळेतल्या एका मैत्रिणीच्या पत्रातून मला कळलं की मंगली सापडली नाही. खाणीवरची वस्तीच उठली होती, कुणी कुठं गेलं ते सांगायला माणूस नव्हता. बाई संध्याकाळच्या बसनं पेटी घेऊन परत आल्या. पुढंही बरीच वर्षं त्या शाळेत होत्या. मी दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. पत्र लिहिणं त्यांना कधी आवडलंच नव्हतं. मला त्या पुन्हा भेटल्या नाहीत.

त्या सकाळी कंडक्टर पेटी टपावर टाकायला मागत होता. बाईंनी दिली नाही. गर्दीतून वाट काढत त्या खिडकीशी बसल्या, पेटी मांडीवर घेतली. शेजारी खाणीवर जाणारी एक बाई होती, तिच्या पदरात तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, पिवळी फळं. तिनं मूठभर बाईंच्या पुढं केली. बाईंनी एक घेतलं, दाबून पाहिलं, सोलून तोंडात टाकलं. मी खिडकीखाली उभी होते.

"चांगलं पिकलं हाय," बाई त्या बाईला म्हणाल्या.

बस सुटली. धुरात मला त्यांचा हात दिसला, खिडकीबाहेर आलेला. मला वाटलं त्या मला हात हलवतायत, म्हणून मीही हलवला. पण त्या फक्त तेंदूच्या बिया बाहेर टाकत होत्या.